बर्मातली लाथ

मालोजी खराड्यांनी तोंड उघडलं की तालमीच्या ओट्यावरचे लोक आधी एकमेकांकडे बघत आणि मग आभाळाकडे. विषय कुठलाही असो, मालोजींची गाडी तिसऱ्या वाक्याला बर्मात पोचायची. कोणी म्हणालं, आजची शेव फार तिखट आहे, तर मालोजी म्हणत, "तिखट म्हणजे बर्मातली मिरची. खेचरानं खाल्ली तर खेचर रडायचं." कोणी उसासा टाकून म्हणालं, राजधानी भोपाळला गेली, आपलं इंदूर पोरकं झालं, तर मालोजी म्हणत, "राजधानीचं काय घेऊन बसलात, मी मंडाले पाहिलंय."

मालोजी बर्मात गेले होते हे खरं. होळकर सरकारच्या नोकरीत होते, मोठ्या लढाईच्या वेळी खेचरांच्या तांड्याबरोबर गेले, आणि परत आले तेव्हा कमरेत लंगडत आले. त्याचा सरकारी कागद पेटीत होता. पण कागदावर एवढंच लिहिलेलं की हा इसम खेचरं हाकतो. पुढचं सगळं मालोजींच्या तोंडी. इरावतीच्या काठच्या एका गावात तांडा दोन महिने थांबला. तिथे एक म्हातारा ताडी काढणारा होता. त्यानं मालोजींना त्यांच्याकडची मारामारी शिकवली. तीत मुठीही चालतात आणि पायही. हाताला नुसतं फडकं गुंडाळायचं, जत्रेत गोल रिंगणात उभं राहायचं, आणि लाथ अशी घालायची की केळीचं झाड आडवं व्हावं.

"मग तू किती आडवे केलेस?" वस्ताद अप्पासाहेब विचारत. तालीम त्यांची, ओटा त्यांचा, आणि जीभही त्यांचीच सगळ्यांत लांब.

"दोन. तिसऱ्यानं मला."

"आणि कंबर?"

"ती खेचरानं मोडली. तो मामला वेगळा."

"म्हणजे लाथ शिकवणारा कोण, ते आलं ध्यानात," अप्पासाहेब म्हणत, आणि ओटा हसून लोळायचा.

तेरा वर्षं हे असं चाललं होतं. मालोजींना राग येई, पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला ते पुन्हा ओट्यावर हजर. बायको जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगा देवासला. घरी गेलं तर अंगणात एक कडुलिंब आणि घरात एक घड्याळ. त्या दोघांना बर्मा सांगून झाला होता.

अशात एके सकाळी द्वारकाबाई टेंभेकर आपल्या नवऱ्याला घेऊन त्यांच्या अंगणात आल्या. पुढे द्वारकाबाई आणि मागे कृष्णराव मास्तर. खरं म्हणजे मास्तरांच्याही पुढे मास्तरांचं पोट होतं. मास्तर शाळेत चित्रकला शिकवत. स्वभाव गाईचा, आवाज मऊ. फळ्यावर गोल काढायला लागले तर परकार लाजेल असा हात.

"मालोजीभाऊ, ह्यांचं काहीतरी करा," द्वारकाबाई म्हणाल्या. "डॉक्टर म्हणाले, रोज फिरा. हे फिरायला जातात ते चौकातल्या पोह्यांच्या दुकानापर्यंत. तिथून पुढे रस्ताच नाही म्हणतात. तालमीत पाठवलं तर तिथं लंगोट बांधायला सांगतात. ह्यांना लाज वाटते."

"मग माझ्याकडे कशाला?"

"तुमचं ते बर्माचं आहे ना, लाथा मारायचं. त्यात धोतर नेसून चालतं का?"

मालोजींनी त्यांच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर थट्टा नव्हती. तेरा वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी बर्माबद्दल असं विचारत होतं, जणू तो शेजारच्या गल्लीत आहे. मालोजींचे डोळे भरून आले. "चालतं," ते म्हणाले. "कासोटा घट्ट पाहिजे फक्त."

त्यांनी सियागंजच्या बाजारातून एक गव्हाचं रिकामं पोतं आणलं, त्यात गिरणीतला रद्दी कापूस आणि भुसा ठासून भरला आणि ते कडुलिंबाच्या फांदीला टांगलं. मास्तरांच्या हातांना जुन्या पागोट्याच्या पट्ट्या बांधल्या. उभं कसं राहायचं, मूठ कुठे ठेवायची, कंबर कशी फिरवायची, सगळं दाखवलं. पहिल्या आठवड्यात मास्तरांचा पाय गुडघ्याच्या वर गेला नाही. दुसऱ्या आठवड्यात गेला आणि पोत्यावर फट्ट करून बसला. मालोजी शाबास म्हणणार, तोच मास्तरांनी दोन्ही मुठी सोडल्या, वाकून पोत्याला हात लावला आणि तो हात कपाळाला लावला.

"हे काय?"

"पाय लागला," मास्तर म्हणाले.

"अहो, लागायलाच पाहिजे. पोतं आहे ते."

"गव्हाचं पोतं आहे, मालोजी. अन्न होतं त्यात."

"आता कापूस आहे."

"कापूस म्हणजे वस्त्र."

मालोजींनी दुसऱ्या दिवशी कोळशाचं पोतं आणून टांगलं. मास्तरांनी लाथ घातली, वाकले, काळा झालेला हात कपाळाला लावला आणि म्हणाले, "अग्नीचं स्थान आहे." मालोजींनी त्यांचे हात कमरेला बांधून पाहिले. मास्तर नुसत्या मानेनं नमस्कार करायला लागले. दोष कोणाला द्यायचा? आपल्यात लहानपणापासून हेच शिकवतात, कोणाला पाय लागला की लगेच हात लावून नमस्कार कर. मास्तरांच्या आईनं ते जरा जास्तच पक्कं शिकवलं होतं.

मालोजींनी हात टेकले. शंभर लाथांना शंभर नमस्कार, असं रोज सकाळी सुरू झालं. लाथ, वाक, ऊठ, लाथ, वाक, ऊठ. श्रावण संपेपर्यंत मास्तरांचं पोट चार बोटं आत गेलं. लग्नातल्या कोटाचं बटण लागलं, तेव्हा द्वारकाबाईंनी शेजारणींना बोलावून ते बटण दाखवलं. मग काय, अंगणात एक मिठाईवाला आला, पोस्टातले दोन कारकून आले, एक पेन्शनर तहसीलदार आला. सकाळी सहाला पाच पोटं एका रांगेत उभी राहायची, पाच पाय वर जायचे आणि पाच माणसं वाकायची, कारण बाकीच्यांना वाटलं की नमस्कार हाही बर्माचाच भाग आहे. मालोजींनी सांगितलं नाही. दूधवाल्याची म्हैस हे बघून एकदा पोस्टाच्या दिशेनं पळाली ती दुपारी सापडली.

ही बातमी ओट्यावर न पोचती तरच नवल.

"काय भिया, ऐकलं मी," अप्पासाहेब म्हणाले. "तुझ्या अंगणात कसरत चालते की सत्यनारायण?"

"कसरत आहे. आणि लढाईही आहे."

"लढाई? कृष्णराव मास्तर आणि लढाई? अरे, त्यांना वर्गात पोरं खडू मारतात."

"मारत असतील," मालोजी म्हणाले, आणि त्यांच्या जिभेनं पुढचं वाक्य त्यांना न विचारताच टाकलं. "तुमच्या तालमीतला कोणीही पठ्ठ्या आणा. माझा मास्तर त्याच्यासमोर तीन फेऱ्या उभा राहील."

समोरच्या पानवाल्यानं चुना लावता लावता हात थांबवला.

"उभा राहिला तर?" अप्पासाहेबांनी विचारलं.

"तर तुम्ही सगळ्यांनी बर्माची गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत तोंड मिटून ऐकायची. मधे हसायचं नाही. आणि शेवटी खरी आहे म्हणायचं."

"आणि पडला तर?"

"तर मी बर्माचं नाव काढणार नाही."

"किती दिवस?"

"तुम्ही म्हणाल तेवढे."

"मरेपर्यंत," अप्पासाहेब म्हणाले. "पक्की बात?"

"पक्की."

घरी जाताना मालोजींची कंबर नेहमीपेक्षा जास्त दुखली. अंगणात येऊन ते कडुलिंबाखाली बसले आणि मनाशी विचार करायला लागले, की बर्मा काढून घेतला तर आपल्यात उरतं काय. एक लंगडणारा म्हातारा उरतो. तसे गल्लीत आणखी तीन होते.

सकाळी मास्तरांना कळलं तेव्हा ते पोत्याला धरून उभे राहिले. "मला न विचारता?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाला असतात."

"नाहीच म्हणतो."

द्वारकाबाई डबा घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "हो म्हणा. बावीस वर्षांत तुम्ही माझ्याशीसुद्धा भांडला नाहीत. एकदा बघू तरी द्या."

मास्तरांनी बायकोकडे बघितलं, पोत्याकडे बघितलं आणि हो म्हणाले. दोघांत पोतं जास्त मऊ आहे असं त्यांना वाटलं असावं.

सामना दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ठरला. अप्पासाहेबांनी तुकोजी लांभात्याला उभं केलं. वय चोवीस, छाती दाराच्या फळीएवढी, गिरणीत कामाला. महिनाभर तो महूला एका फौजी बॉक्सरकडे जाऊन मुठी चालवायला शिकून आला होता. अडचण एवढीच की तो कृष्णराव मास्तरांचा विद्यार्थी.

"वस्ताद, मी मास्तरांना कसं मारू?" त्यानं विचारलं होतं.

"तुझ्या माठाच्या चित्राला त्यांनी तीन वेळा शून्य दिलं होतं ना? ते आठव."

तुकोजीनं आठवलं. माठ चांगला आला होता.

त्या सकाळी तालमीत पाय ठेवायला जागा नव्हती. लोक अजून एकमेकांना सोनं देत होते, आपट्याची पानं खिशात कोंबत होते. समोरच्या माडीवरच्या सज्जात बायका बसल्या होत्या. द्वारकाबाई मधे, आणि त्यांच्या शेजारी तुकोजीची आई गंगूबाई. मध्यभागी लाल मातीचा हौदा. अप्पासाहेबांनी खिशातलं घड्याळ काढलं, पितळी थाळी हातात घेतली आणि नियम सांगितले. तीन फेऱ्या, एकेक तीन मिनिटांची. फक्त मूठ आणि लाथ, धरायचं नाही. जो हौद्याबाहेर गेला किंवा ज्याचं बूड मातीला टेकलं, तो हरला.

तुकोजी आला, मारुतीला नमस्कार केला, मातीला केला आणि मग मास्तरांच्या पाया पडला.

"यशस्वी हो," मास्तर म्हणाले.

मालोजींनी कपाळावर हात मारून घेतला. "मास्तर, आज हा आशीर्वाद नको होता."

"तोंडातून गेला," मास्तर म्हणाले. "परत कसा घेऊ?"

थाळी वाजली. तुकोजी मुठी वर करून पुढे आला. मास्तरांनी कंबर फिरवली, आणि उजवा पाय असा सुटला की धोतराचा सोगा झेंड्यासारखा फडफडला. फट्ट करून लाथ तुकोजीच्या मांडीवर बसली. सगळी तालीम हं करून मागे सरकली. मालोजींच्या अंगावर काटा आला. तीच लाथ. तो ताडीवाला म्हातारा अशीच घालायचा, कमरेतून, जशी दाराला कडी घालावी.

"अरेरे, लागला पाय," मास्तर म्हणाले आणि नमस्काराला वाकले.

तुकोजीचा ठोसा निघालेलाच होता. तो मास्तरांच्या वाकलेल्या डोक्यावरून गेला आणि तुकोजी स्वतःभोवती अर्धा फिरला. हा नमस्कार फळला. दुसरा नाही फळला. दुसऱ्या लाथेनंतर मास्तर वाकले तेव्हा त्यांच्या कानावर मूठ बसली. तिसऱ्या वेळी दुसऱ्या कानावर. मास्तरांचे दोन्ही कान गाजरासारखे लाल झाले.

"मास्तर, वाकू नका ना," तुकोजी काकुळतीनं म्हणाला. "मला नेम धरता येत नाही."

"कुस्ती आहे की हळदीकुंकू?" अप्पासाहेब घड्याळावरची नजर न काढता म्हणाले. सज्जातल्या बायकासुद्धा पदर तोंडात घालून हसल्या.

थाळी झाली तेव्हा मास्तर मालोजींकडे आले आणि त्यांच्या खांद्याला धरून उभे राहिले. मालोजींनी ओल्या फडक्यानं त्यांचे कान पुसले. आपला बर्मा ह्या दोन कानांवर लटकतोय, हे त्यांना दिसत होतं. आणखी एक फेरी अशी गेली तर संपलं.

"मास्तर, एक करा. नमस्कार साठवा."

"म्हणजे?"

"लाथ घातली की वाकायचं नाही. मनात मोजून ठेवायचं. सामना संपला की सगळे एकदम घालायचे."

मास्तर विचारात पडले. "असं चालतं का शास्त्रात?"

"बर्मात चालतं."

"मग ठीक," मास्तर म्हणाले. "पण मनात मोजलं तर मी चुकतो. मोठ्यानं मोजीन."

दुसरी फेरी सुरू झाली. मास्तरांची लाथ बसली. हात कपाळाकडे निघाला, अर्ध्यावर थांबला, मूठ होऊन छातीशी परत आला. "मागचे तीन धड झाले नाहीत, ते धरून चार," मास्तर म्हणाले, वर्गात हजेरी घेतात त्या आवाजात. मग पाच. मग सहा. आता त्यांचं डोकं जागेवर होतं आणि हात तोंडापुढे होते, त्यामुळे तुकोजीच्या मुठी मनगटांवर आपटून परत जायला लागल्या. पोस्टातले दोघे कारकून ओरडायला लागले. मिठाईवाल्यानं भावनेच्या भरात शेजाऱ्याला लाथ घातली आणि नमस्कार केला.

"मास्तर, मोजताय काय?" तुकोजीनं धापा टाकत विचारलं.

"तुझे नमस्कार. सात. शेवटी सगळे घालणार आहे, वाकून. तू काळजी करू नकोस."

तुकोजीची मूठ हवेत थांबली. "मला घालणार?"

"पाय तुला लागतोय, मग कोणाला घालू? आठ."

माडीच्या सज्जात गंगूबाई उठून उभ्या राहिल्या. मोठ्या माणसानं लहानाला वाकून नमस्कार केला तर लहानाचं आयुष्य कमी होतं, हे त्यांना सांगावं लागत नव्हतं. आणि इथे तर मोठा माणूस, त्यात ब्राह्मण, त्यात गुरू. त्या बोटांवर मोजायला लागल्या.

पण मास्तरही काही लोखंडाचे नव्हते. फेरीच्या शेवटी तुकोजीची एक मूठ हातांच्या मधून आत घुसली आणि नाकावर बसली. मास्तर तीन पावलं मागे गेले, हौद्याच्या काठावर टाच लागली, आणि तेवढ्यात थाळी वाजली. चौदा झाले होते.

"दिसतंय का नीट?" मालोजींनी विचारलं.

"तुम्ही दोन दिसता," मास्तर म्हणाले. "दोघंही लंगडताय."

तिसऱ्या फेरीत मास्तरांचा पाय कमरेपर्यंत जाईना. मग गुडघ्यापर्यंत जायला लागला, आणि शेवटी शाळेत पोरं फुटबॉल ढकलतात तसा नुसता पुढे जायचा. तरी लागला की लागला. पंधरा. सोळा. तुकोजी एकेक पाऊल पुढे येत होता. आता एक नीट ठोसा पुरे होता आणि ते त्यालाही ठाऊक होतं, मालोजींनाही. मालोजींनी डोळे मिटले, पण ऐकायला तर येतच होतं. सतरा. अठरा. एकोणीस.

"तुक्या, इकडे ये."

गिरणीचा भोंगा वाजावा तसा तो आवाज माडीवरून आला. तुकोजीचा हात मागे खेचलेला तसाच राहिला.

"आई, फेरी चालू आहे," तो वर न बघता म्हणाला.

"फेरी गेली खड्ड्यात. सात वर्षं खजरान्याच्या गणपतीला नवस केला तेव्हा तू झालास. गुरुजींचे एकोणीस नमस्कार घेऊन कुठे जाणार आहेस? तीस वर्षांचासुद्धा होणार नाहीस. बाहेर नीघ."

"हलू नकोस," अप्पासाहेब म्हणाले. "एक ठोसा, तुकोजी. एकच."

तुकोजीनं वस्तादांकडे बघितलं, मग सज्जाकडे बघितलं. समोर मास्तर डुलत होते आणि विसाव्या लाथेसाठी पाय उचलायची खटपट करत होते.

"वस्ताद," तुकोजी म्हणाला, "तुम्ही संध्याकाळी तुमच्या घरी जाणार. मला तिच्या हातची भाकर खायची आहे." आणि तो हौद्याबाहेर गेला.

एकच कल्लोळ उठला. पोस्टवाले नाचायला लागले. मालोजींनी डोळे उघडले तर हौद्यात मास्तर एकटेच. पण अप्पासाहेबांनी हात वर केला. माणूस जिभेचा लांब असला तरी घड्याळाला प्रामाणिक होता.

"तुकोजी हरला, कबूल," ते म्हणाले. "पण मालोजी, आपली पैज तुकोजीवर नव्हती. मास्तर तीन फेऱ्या उभा राहील, असं तू म्हणाला होतास. सव्वा मिनिट बाकी आहे. राहू दे उभा."

हे बरोबर होतं. मालोजींना नाही म्हणता येईना. समोर प्रतिस्पर्धी नाही, मूठ नाही, लाथ नाही. एक चित्रकलेचा मास्तर लाल मातीत उभा आहे आणि त्यानं नुसतं उभं राहायचं आहे, एवढंच. पण मास्तरांसमोरची तालीम गोल फिरत होती. ते डावीकडे कलले. सगळे लोक डावीकडे कलले. ते उजवीकडे कलले. लोक उजवीकडे. काठावरचा तहसीलदार तोल जाऊन मिठाईवाल्याच्या मांडीवर बसला.

"एक मिनिट राहिलं," अप्पासाहेब म्हणाले.

"कोणाला हात लावू देऊ नका," मास्तर मऊ आवाजात म्हणाले. "मारुती फिरतायत का?"

"नाहीत. जागेवर आहेत," मालोजी म्हणाले.

"मग त्यांच्याकडे बघतो."

अर्धं मिनिट राहिलं तेव्हा मास्तरांचे गुडघे वाकायला लागले. हळूहळू, जसं उन्हात मेण वाकतं. बूड खाली खाली आलं. मातीपासून वीतभर राहिलं. चार बोटं राहिलं. मालोजींना श्वास घ्यायचं सुचेना. सज्जात द्वारकाबाईंनी गंगूबाईंचा दंड असा धरला की त्याच्यावर चार वळ उठले.

आणि तिथं, चार बोटांवर, मास्तर थांबले. मांड्या थरथरत होत्या पण थांबल्या होत्या. रोज सकाळी शंभर वेळा वाकून उठलेल्या मांड्या होत्या त्या. त्यांना खाली जायचं ठाऊक होतं आणि त्याच्यानंतर काय करायचं तेही ठाऊक होतं. मास्तर उठायला लागले. कण्हत, सरळ होत, एक हात हवेत धरून, जणू फळ्यावर गोल काढतायत. ते पुरते उभे राहिले आणि थाळी वाजली.

मालोजींनी थाळीचा आवाज ऐकला आणि ते खाली बसले. त्यांच्या बुडाला नियम नव्हता.

लोकांनी मास्तरांना उचलायला हात पुढे केले, पण मास्तर त्यांच्यातून वाट काढत निघाले. "तुकोजी कुठे आहे?" ते विचारत होते. "एकोणीस राहिलेत."

तुकोजी तालमीच्या दाराशी पाणी पीत होता. त्यानं मास्तरांना येताना पाहिलं, लोटा टाकला आणि गल्लीत धाव घेतली. मास्तर त्याच्या मागे. "अरे, थांब, एक तरी घेऊन जा," म्हणत. त्यांच्या मागे पोस्टवाले, मिठाईवाला, अर्धी तालीम. पानवाल्याच्या दुकानाला दोन चकरा झाल्या. तुकोजी, छाती दाराच्या फळीएवढी, एका हातगाडीखाली शिरला आणि आतून हात जोडून म्हणाला, "मास्तर, मी माठ पुन्हा काढून आणतो. पण नमस्कार नको."

शेवटी तोड काढली ती गंगूबाईंनी. त्या माडीवरून खाली आल्या आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "गुरुजी, एकोणीसच्या एकोणीस मारुतीला घाला. त्याला वयाचं काही नाही." मास्तरांना हे पटलं. त्यांनी तालमीतल्या मारुतीपुढे एकोणीस साष्टांग नमस्कार घातले, लोकांनी मोजले, आणि एकोणिसाव्याला ते उठलेच नाहीत. जवळ जाऊन बघितलं तर झोपले होते. द्वारकाबाईंनी त्यांच्यावर शाल टाकली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत बसल्या, हळू बोला, हे आज भांडून दमलेत.

संध्याकाळी पाचला मालोजी ओट्यावर आले. अप्पासाहेबांनी आपली घोंगडी मधोमध अंथरली होती. त्यांनी मालोजींना हाताला धरून तिच्यावर बसवलं आणि स्वतः समोर खाली बसले. बाजूला पानवाला, तहसीलदार, तालमीतली पोरं, कान सुजलेले मास्तर, आणि हाताला पट्टी बांधलेला तुकोजी. कोणी हसत नव्हतं. कोणी आभाळाकडे बघत नव्हतं.

"सांगा, मालोजी," अप्पासाहेब म्हणाले. तेरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी सांग ऐवजी सांगा म्हटलं.

मालोजींनी घसा साफ केला. ह्या घटकेची त्यांनी किती वाट पाहिली होती. "तर इरावतीच्या काठी एक गाव होतं," ते म्हणाले.

सगळ्यांनी मान डोलावली.

"गावात ताडाची झाडं होती."

पुन्हा मान डोलावली. अप्पासाहेब तर नव्या जावयासारखे डोलावत होते.

"आणि आमची खेचरं," मालोजी म्हणाले, आणि गोष्ट थांबली. रस्त्यात खेचर थांबतं तशी. पुढे ओढावी तर येईना, मागून ढकलावी तर हलेना. त्यांनी पाणी मागितलं. प्यायले. पुन्हा खेचरांपासून सुरुवात केली. समोर वीस चेहरे, सगळे विश्वास ठेवणारे, तोंडं मिटलेली, कीर्तनाला बसल्यासारखे. मालोजींच्या कपाळावर घाम आला. ज्या गावाचं एकेक झाड त्यांना पाठ होतं, तिथे आता नुसतं धुकं.

"वस्ताद," ते शेवटी म्हणाले, "तुम्ही काहीतरी बोला हो."

अप्पासाहेबांनी ओठांवर बोट ठेवलं. पैज म्हणजे पैज.

"ती मी जिंकलो ना? मग मीच सोडतो. पण बोला. असे बघू नका माझ्याकडे."

अप्पासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. पैज हरल्यापासून आवरून धरलेली जीभ त्यांनी हळूच एकदा ओठांवरून फिरवून घेतली. "नदीकाठी गाव होतं म्हणतोस," ते म्हणाले. "तुला तर कमरेएवढ्या पाण्यात भीती वाटते. नदी ओलांडलीस कशी रे?"

मालोजी ताठ बसले. "शेपटीला धरून," ते म्हणाले. "खेचराच्या. आणि नीट ऐका, ते खेचर साधं नव्हतं. त्याचा एक डोळा निळा होता, आणि मधोमध पाण्यात आल्यावर त्यानं मागे वळून माझ्याकडे असं पाहिलं..."

"थाप," अप्पासाहेब सुखानं म्हणाले, आणि घोंगडीच्या आणखी जवळ सरकले.